वाळवलेला दात

मंगळवार पेठेतल्या डॉ. रूपाली कांबळेच्या दवाखान्यात दात भरायचा म्हणजे आधी तो ठणठणीत कोरडा करायचा, हा धर्मच होता. कॉलेजात सरांनी तसं घोटून घेतलं होतं. वाऱ्याची नळी लावायची आणि दात खडूसारखा पांढरा दिसेपर्यंत सोडायची नाही. मग चिकटवायचं औषध, वर दाताच्या रंगाची भरणी, ती घट्ट करायला निळा दिवा, झालं काम.

१९९७ साली राधानगरीकडच्या धोंडुबाई तिच्याकडे आल्या. जन्मभर मिसरी घासघासून त्यांच्या तीन दातांना हिरडीपाशी खाचा पडल्या होत्या. पाणी प्यायलं की कळ थेट कानात जायची. रूपालीने पहिला दात भरला, भरणी महिन्यात निघाली. पुन्हा भरला, पुन्हा निघाली.

"दात चांगला आहे, मावशी. काढायला नको."

"चांगला हाय तर तुझं सिमिट का टिकंना? उपट त्यो. न्हायतर दुसरीकडं जाऊन उपटून घेतो की!"

रूपालीने नाइलाजाने तो काढला आणि आठवडाभर भरणी बनवणाऱ्या कंपनीला शिव्या घातल्या.

पुढच्याच महिन्यात दातांच्या डॉक्टरांच्या बैठकीत एक पाहुणे म्हणाले, दाताच्या वरच्या कवचाला कोरडं चालतं, आतल्या भागाला नाही. ॲसिड लावून धुतलं की तिथे बारीक तंतू उघडे पडतात. फार वाळवले की ते आडवे पडून चिकटतात आणि औषधाला आत शिरायला वाट राहत नाही. किंचित ओल ठेवा. सगळे हसले. ओल्यावर कधी काही चिकटतं का? रूपालीही हसली.

घरी आल्यावर मात्र तिला चैन पडेना. धोंडुबाईंचा दात तिने मिठाच्या पाण्यात ठेवला होता. त्यावर दोन खाचा पाडून एक नेहमीसारखी वाळवून भरली, दुसरी नुसती कापसाने टिपून. दुसऱ्या दिवशी टोकदार हत्याराने रेटल्यावर पहिली भरणी टपकन उडाली. दुसरीवर जोर लावला तर हत्याराचं टोकच वाकलं. तिला आनंद झाला आणि लगेच लाज वाटली. हा दात तोंडातच राहिला असता.

धोंडुबाई आल्या त्या उरलेले दोन उपटून घ्यायलाच. रूपालीने खरं ते सांगून टाकलं.

"म्हंजे माझा दात बरा हुता, आन् तूच त्यो वाळवून घालवलास?"

"होय, मावशी."

"मोठी डॉक्टरीन!" धोंडुबाई तणतणत दारापर्यंत गेल्या आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. "आता वलंच ठेवतीस न्हवं? मग एक भर. सिमिट पडलं तर दोनी उपटायचं."

रूपालीने ॲसिड लावलं, धुतलं. इतक्या वर्षांची सवय. हात आपोआप वाऱ्याच्या नळीकडे गेला. नळी दाताशी पोचणार एवढ्यात धोंडुबाईंनी तिचं मनगट धरलं. तोंडात कापसाचे बोळे होते, तरी शब्द खणखणीत आला.

"वलं!"

रूपालीने नळी जागेवर ठेवली आणि कापूस उचलला.