शेवटून दुसऱ्या प्रकरणातली आत्या

प्रश्नांची वेळ सुरू झाली आणि तिसऱ्या रांगेतून आत्याने हात वर केला. माइक हातात पडेपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.

व्यासपीठावर बसलेल्या लेखिकेने घाईघाईने पाण्याचा पेला उचलला. इतका वेळ कादंबरी कशी सुचते, पात्रं कशी घडतात यावर ती झकास बोलत होती. समोर मुलाखत घ्यायला प्राध्यापक होते. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर ते दर महिन्याला एका लेखकाला बोलावत आणि 'आपली निर्मितीप्रक्रिया जरा उलगडून सांगा' असं म्हणत, जणू लेखक ती घडी करून खिशात ठेवूनच येतो. लेखिकेने ती उलगडलीही होती. पण आत्या येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. कादंबरी छापून आल्यापासून आत्याने अबोला धरला होता. फोन उचलायची, आवाज ओळखायची आणि मुकाट्याने नवऱ्याच्या हातात द्यायची. मग तो बिचारा हवापाण्याचं बोलायचा आणि लेखिका हं हं करून फोन ठेवायची. त्यानंतर तिला दिवसभर काही सुचायचं नाही.

"नमस्कार," आत्या म्हणाली. "मी या पुस्तकातली आत्या. शेवटून दुसऱ्या प्रकरणात मी जाते."

सभागृहात हशा पिकला. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या कार्यक्रमात आजवर एकही पात्र स्वतः उठून बोललं नव्हतं.

"तशी मी ठणठणीत आहे," आत्या पुढे म्हणाली. "रोज सकाळी चालायला जाते. माझा प्रश्न लिखाणाबद्दलच आहे. मला मारलं का?"

लेखिकेने कानाची पाळी चिमटीत धरली.

"कथानकाची ती गरज होती. त्या व्यक्तिरेखेचा प्रवास एका टप्प्यावर येऊन..."

"कान सोड."

लेखिकेने कान सोडला.

"थाप मारायची असली की हिचा हात कानाकडे जातो, लहानपणापासून," आत्याने आजूबाजूच्यांना माहिती पुरवली. "हं, आता नीट सांग, ठमे."

ठमी हे नाव चारचौघांत ऐकून लेखिका लाजेने लाल झाली, आणि खरं सांगायचं तर सुखावलीही. किती महिन्यांनी ऐकलं होतं! तिचे आईवडील दोघेही इस्पितळात कामाला, आज दिवसपाळी तर उद्या रात्रपाळी. तिला वाढवलं ते आत्याने. वेण्या आत्याने घातल्या, पाढे आत्याने घोकून घेतले, आणि पहिलीवहिली गोष्ट ऐकली तीही आत्यानेच, कपड्यांना इस्त्री करता करता. अशी ही आत्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चष्म्याचा नंबर काढायला गेली आणि नंबर काढणाऱ्याशीच लग्न करून मोकळी झाली. सगळं घर खूश झालं. लेखिकेनेही फोटोत दात दाखवले.

"आधी तसंच लिहिलं होतं," ती आता म्हणाली. "तू लग्न करून जातेस, असं. पण जमेना. तू बॅग घेऊन दारापर्यंत यायचीस आणि मी तुला काहीतरी काम काढून परत बोलवायचे. एकदा दूध उतू घालवलं. एकदा माझा पाय मोडून घेतला. पुस्तक काही पुढे सरकेना. मग वाटलं, वारलीस तर निदान आम्हाला सोडून कुणाबरोबर गेलीस असं तरी होणार नाही. तू लग्न करून गेलीस तेव्हा मी फार रडले होते गं. त्याबद्दल कुणाला सांगणार? सगळे तर पेढे वाटल्यासारखे हसत होते."

आत्याने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. बराच वेळ पुसला.

"मरायला माझी ना नाही," ती म्हणाली. "बायका रस्त्यात थांबवून सांगतात, तुमच्या मरणाला आम्ही ढसाढसा रडलो. ऐकायला बरं वाटतं. पण तू माझं सगळं लिहिलंस. तुमची आजारपणं काढली ते, तुझ्या परीक्षांना जागले ते, अगदी पानंच्या पानं. आणि चांगला भाग यायची वेळ झाली तर घेतलास जीव! माझी सुखाची चार पानं तेवढी कुठे गेली?"

लेखिकेने मान खाली घातली. तेवढ्यात आत्याच्या शेजारचा टकलू गृहस्थ घसा खाकरत उभा राहिला. हाच तो चष्मेवाला.

"मीही एक विचारू का? पहिल्या प्रकरणात कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे. त्याचा मालक एका ओळीत दुकान विकून गाव सोडून जातो. का जातो, ते पुढे कुठेच येत नाही. तो मी का?"

"हो," लेखिका कशीबशी म्हणाली.

"वाटलंच मला. दोनदा वाचलं मी. भाषा छान आहे."

मग मात्र कुणालाच आवरेना. प्राध्यापक डोळे पुसत हसत होते, आत्या नवऱ्याचा हात ओढून त्याला खाली बसवत होती आणि लेखिका एकाच वेळी हसत होती नि रडत होती. इतकी निर्मितीप्रक्रिया त्या मजल्यावर आजवर कुणी उलगडली नव्हती. आभार मानायचं राहूनच गेलं.

सभागृह रिकामं झाल्यावर लेखिका खाली उतरून आत्यासमोर उभी राहिली. आत्याने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याच हाताने तिला जवळ ओढलं.

"पुढचं पुस्तक लिहिते," लेखिका तिच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली. "तू दाराबाहेर पडतेस तिथून."

"लिही की."

"पण आत्या..." ती अडखळली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या घरी ती एकदाही गेली नव्हती. कधी काम होतं, कधी नव्हतं. "तुझं घर कसं आहे गं? आत शिरलं की समोर काय दिसतं?"

"समोर की नाही, एक मोठी..." चष्मेवाल्याने उत्साहाने सुरुवात केली. आत्याने त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"सांगू नका हो हिला. ऐकून लिहील आणि मोकळी होईल."

लेखिकेने दोघांकडे पाहिलं.

"मग आत्ताच येते."

"आत्ता?" चष्मेवाला गडबडला. "आत्ता फार पसारा आहे गं."

"असू दे," म्हणत ती आपली पिशवी आणायला व्यासपीठाकडे धावलीसुद्धा.