गोळी उडाली, मी लोंबत राहिलो

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा. गवंडी मला दोऱ्याला बांधून वरून सोडतो आणि भिंत सरळ चढते आहे की नाही ते बघतो. पण माझी गोष्ट भिंतीची नाही, माझ्या जळफळाटाची आहे. एका पोलादी गोळीचा मला इतका हेवा वाटला, की त्या भरात एका गुणी मुलीचं नुकसान होताना मी खूश होत राहिलो. ते कबूल केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म खामगावच्या एका लेथवर झाला. जानराव गवंड्यांनी मला विकत घेतलं आणि त्यांच्या माघारी मी त्यांच्या मुलाच्या, इंद्रभानच्या थैलीत आलो. थापी आणि काटकोन तपासायचा गुण्या हे माझे शेजारी. मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मी किती भिंती सरळ उभ्या केल्या, त्याची मोजदाद नाही. घरभरणीला लोक येत, रंग बघत, फरशी बघत, दरवाज्यावरून हात फिरवत. माझं नाव कुणी काढत नसे. इंद्रभान मात्र काम संपलं की मला शर्टाच्या बाहीने पुसून, दोरा गुंडाळून ठेवायचा. तेवढ्यावर माझं भागत होतं.

इंद्रभानची मुलगी समता मोताळ्यातच अकरावीला शिकते. एक दिवस ती म्हणाली, “बाबा, तुमचा ओळंबा मले चार दिवस देता काय? विज्ञान प्रदर्शनाच्या प्रयोगाले पाहिजे.”

“ने ना माय. पण दोरा नीट गुंडाळत जाजो,” इंद्रभान म्हणाला.

मी फुशारून गेलो. कॉलेजात निघालो होतो ना! आता शिकली-सवरलेली माणसं आपली कदर करणार, असं वाटलं.

प्रयोग असा होता. टेबलावर एक उतरती पन्हळ ठेवायची आणि तिच्यावरून गोळी सोडायची. गोळी टेबलावर धावते, कडेवरून सुटते आणि बाक घेत पुढे जमिनीवर पडते. ती कुठे पडेल हे आधी गणिताने काढायचं, तिथे स्टीलची वाटी ठेवायची आणि सगळ्यांसमोर एकाच खेपेत गोळी वाटीत पाडून दाखवायची. मला टेबलाच्या कडेवरून सोडत. कडेच्या बरोबर खाली जमिनीवर कोणती जागा येते ती मी दाखवायची आणि तिथून पुढे अंतर मोजायचं. गणित समता करायची. गोळी सोडायचं काम तिच्या गटातल्या हरिओमकडे होतं.

आणि ती गोळी! ट्रॅक्टरच्या जुन्या बेरिंगमधून निघालेली, पण थाट काय विचारता. ती उडाली की पोरी ओरडायच्या. सगळे मोबाइलवर तिचं चित्रण करायचे आणि संथ करून पुन्हा पुन्हा बघायचे. त्या चित्रणात एका कोपऱ्यात मीही असायचो, अर्धा कापलेला. ती कपाटाखाली घरंगळली तर चार जण गुडघ्यांवर बसून शोधायचे. रात्री तिला डबीत कापसावर निजवत आणि मला खिडकीच्या खिळ्याला अडकवत. मी चाळीस वर्षांचा जाणता आणि ती कालची आलेली. सांगा, कुणाला राग येणार नाही?

पहिले दोन दिवस गोळी बरोबर वाटीत पडली. मग प्रदर्शनासाठी नवं मोठं टेबल आणलं. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्याने मी थांबायलाच तयार नव्हतो. हरिओम वैतागला.

“हा तं झुलूनच राह्यला. टाइम चालला आपला. टेबलाचा पाय सरळच हाये ना, तिथून मोज.”

समताने मला काढून खिळ्याला अडकवलं आणि पायापासून अंतर मोजलं. गोळी सुटली आणि वाटीच्या पुढे, चार बोटं पलीकडे पडली. पुन्हा सोडली, पुन्हा चार बोटं पुढे. दहा वेळा केलं तरी तेच.

मित्रांनो, चूक कुठे आहे ते मला खिडकीतून स्वच्छ दिसत होतं. जुन्या टेबलाची फळी पायाच्या रेषेत होती. नव्या टेबलाची फळी पायापेक्षा चार बोटं बाहेर आलेली होती. गोळी कडेवरून सुटत होती आणि ही मुलं माप पायापासून घेत होती. मला वाचा नाही, हे खरं. पण वाचा असती तरी मी बोललो नसतो. गोळी तोंडघशी पडत होती आणि मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी विज्ञान शिकवणाऱ्या संजीवनी मॅडम आल्या. त्यांनी दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, “समता, दर वेळी तेवढीच चूक येते म्हणजे तुझ्या गणितातच घोळ आहे. उद्या परीक्षकांना हरिओम समजावून सांगेल. तू फक्त पन्हळ धर.”

सगळे गेले. समता बाकावर बसून तीच आकडेमोड चौथ्यांदा करत होती. उत्तर तेच येत होतं, कारण ते बरोबरच होतं. “मले येतच नाही,” ती स्वतःशीच म्हणाली आणि तिने वही मिटली. माझ्या उकळ्या तिथेच थांबल्या. गोळीचं काही बिघडलं नव्हतं, ती कापसावर निजली होती. बिघडलं होतं ते माझ्या इंद्रभानच्या लेकीचं.

तेवढ्यात इंद्रभान मला न्यायला आला. सकाळी त्याला एका भिंतीचं काम होतं.

“काऊन रडून राह्यली व माय?”

समताने सगळं सांगितलं. गणितातलं त्याला काही कळलं नाही. पण तो टेबलाभोवती एक चक्कर मारून वाकला.

“माप कुठून घेतलं?”

“पायापासून.”

“आन् गोळी पायावरून सुटते का कडेवरून?”

समता खाली वाकून फळीची कड बघू लागली. इंद्रभानने मला कडेवरून सोडलं आणि दोन बोटांनी हलकेच धरून शांत केलं. मी कधी नव्हे इतका स्थिर राहिलो. माझं टोक पायापासून चार बोटं बाहेर आलं. समताने तिथून अंतर मोजलं, वाटी सरकवली आणि गोळी सोडली. टण्!

“तुह्यं गणित बरोबर होतं,” इंद्रभान म्हणाला. “ओळंबा राहू दे उद्या. भिंत दुपारून चढवू.”

सकाळी समताने मॅडमना टेबलाचा पाय दाखवला. मॅडम म्हणाल्या, “माझंच चुकलं गं. तूच सांग परीक्षकांना.” आणि ती खणखणीत आवाजात बोलली. “गोळी पुढे जाते आणि त्याच वेळी खालीही पडते. कडेवरून नुसती सोडली असती तर ती या ओळंब्याच्या दोऱ्याजवळून सरळ खाली आली असती. आणि तिला तेवढाच वेळ लागला असता.” तिने माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गोळी वाटीत पडली आणि टाळ्या झाल्या. टाळ्या गोळीलाच होत्या, पण त्या दिवशी मला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

प्रयोग बुलढाण्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला. समता गेली आणि गोळीही डबीत बसून गेली. मी नाही गेलो. इंद्रभानचं काम अडलं असतं, म्हणून समतासाठी त्याने नवा ओळंबा आणला, चकचकीत, निकेल चढवलेला. मी उन्हात भिंतीवर लोंबत असताना समताचा फोन आला, “बाबा, पडली वाटीत!” मला आनंद झाला. आणि लगेच मनात आलं, तिथे टांगलं कुणाला?

हेवा असा जात नाही. तरी माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तो नवा ओळंबा कधी तुमच्या हाती आला तर त्याला सांभाळा. काम झालं की पुसा, दोरा गुंडाळा, खिळ्याला अडकवून विसरू नका. आणि सगळे गोळीकडे बघत असतील तेव्हा तुमच्यापैकी एकाने तरी त्याच्याकडे बघा. कोपऱ्यात टाकलेल्या ओळंब्याच्या मनात काय काय येतं, ते मला माहीत आहे.