एकदाच धुतलेला साका

मी काचेचा एक जुना गोल बुडाचा चंबू आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. कारागिराने फुंकून मला घडवलं, तेव्हा माझ्या पोटात औषधं शिजतील असं वाटलं होतं. शिजलं ते भलतंच.

मित्रांनो, मोताळ्याची धम्मशीला पीएच.डी. करायला आली, ते माझे बरे दिवस. मिथेनॉलमध्ये दोन सेंद्रिय पदार्थ आणि तांब्याचा क्षार घालून ती मला तासन्‌तास उकळी. पोरींनी फेर धरावा तसे ते पदार्थ तांब्याभोवती जोडले जात आणि हिरवा साका खाली बसे. तो जंतू वाढवलेल्या बशीत टाकायचा. जंतू मेले की भोवती स्वच्छ वर्तुळ दिसे.

तिचे मार्गदर्शक चंद्रशेखर सर. त्यांचा दंडक होता, साका एकदाच धुवायचा, जास्त धुतला तर माल कमी भरतो. पहिल्याच बशीत मोठं वर्तुळ उमटलं. सरांचा शोधनिबंध छापून आला, शाल-श्रीफळ मिळालं, मला हातात धरून त्यांनी फोटोही काढला. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

प्रबंधासाठी धम्मशीलाने तोच प्रयोग पुन्हा केला. या वेळी साका अगदी निवळ पाणी येईपर्यंत धुतला. बशीत वर्तुळ नव्हतं.

"सर, जंतू मरून नाही राह्यले. तो गुण साक्याला चिकटून उरलेल्या तांब्याच्या क्षाराचा होता."

"मंग काऊन धुतला एवढा? जुन्याच बशीचा फोटो टाक प्रबंधात. पेपर छापून आला, आता कोण पाहाते?"

"मले दिसलं ना, सर."

"मंग माही सही मागू नको."

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सही मिळाली नाही, प्रबंध अडला तो अडलाच. धम्मशीला आता मोताळ्यात शिकवणी घेते आणि पोरांना संयुग आणि मिश्रण यांतला फरक सांगते. इथे नवा विद्यार्थी माझ्यात तांब्याऐवजी निकेलचा क्षार उकळतो आणि साका एकदाच धुतो. मला याचा संताप येतो, पण काचेला कोण विचारतं?

मित्रांनो, काच जपा असं मी म्हणणार नाही, ती बाजारात मिळते. कुणी एकटं खरं बोलत असेल तर त्याच्याजवळ जाऊन उभे राहा. त्या दिवशी प्रयोगशाळेत आणखी चार-पाच विद्यार्थी होते. सगळे माना खाली घालून आपापली भांडी घासत होते.