नोट अडते तिथे

नोट अर्ध्या वाटेत अडली.

एका डॉलरची, धुण्यात जाऊन मऊ पडलेली नोट. बंदुकीची नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्या फटीत टोकाकडून घालायची, दोन्ही कडा धरून मागे सरकवत आणायची — आणि चार बोटं आत आल्यावर नोटेने जे पाय रोवले ते रोवलेच. सिल्वीने पुन्हा सरकवली. पुन्हा तिथेच. उजव्या अंगाला, म्हणजे तिथे लाकूड नळीला टेकलेलं. टेबलावर आडवी पडलेली ही बंदूक बाबांनी त्रेपन्न वर्षांपूर्वी, लोखंडाच्या खाणीतल्या पहिल्या पगारातून, दुकानातून जशीच्या तशी उचलली होती, आणि त्रेपन्न वर्षांत एकाही शहाण्याला तिच्या नळीखाली कागदाचा कपटा घालून बघावंसं वाटलं नव्हतं... आग लागो त्यांच्या अकलेला. आणि मला हसू का येतंय?

बाहेर पाण्यात कालवलेला बर्फ पडत होता. नोव्हेंबरची चौदा तारीख. उद्या उजाडताना हरणांची शिकार खुली होणार. आज तीन वाजता रेनोकाका ट्रक घेऊन येणार, तिला आणि बाबांना रानातल्या खोपटात न्यायला. त्या खोपटाच्या भिंतीवर चिंध्या ठोकल्या आहेत. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची मागची शेपटी कापायची, वर नाव-साल लिहायचं, खिळा मारायचा — रीत आहे. एकवीस चिंध्या. त्यातल्या नऊ ओन्नी कांगास यांच्या, म्हणजे बाबांच्या. त्यांची बंदूक तिच्याकडे आल्यापासून दोन सिल्वीच्या. कात्री रेनोकाकाची, आणि कात्रीपेक्षा जीभ धारदार. ‘नाचता येईना म्हणे अंगण वाकडं!’ — हे वाक्य तिने पाळण्यात असल्यापासून ऐकलं होतं, आणि दर वेळी बाबा सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

अंगण वाकडंच होतं, काका! वाकडंच होतं!

ती लाकडाच्या गिरणीत भट्टीवर काम करते. अठरा वर्षं ओल्या फळ्या वाळवतेय. गेल्या आठवड्यात भट्टीतून काढलेली एक खडखडीत वाळलेली फळी रात्रभर पावसात राहिली आणि सकाळी धनुष्यासारखी वाकलेली दिसली, आणि सिल्वी तिच्याकडे बघतच उभी राहिली, मुकादम ओरडला तरी हलली नाही. लाकूड मरत नाही. कापा, रंधा मारा, व्हार्निश फासा, ते पाणी पितंच, फुगतंच... मग तिने घरी येऊन शेगडीजवळच्या कपाटातली कोरडी बंदूक खडीच्या खाणीत नेली, शंभर पावलांवरून तीन गोळ्या मारल्या — तिन्ही मधोमध, कपाच्या तोंडाएवढ्या जागेत. आणि नंतर दोन रात्री तीच बंदूक ओसरीत पावसात ठेवली. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हणाले असते. नेटका माणूस बंदूक पुसतो, तेल लावतो, उबेला ठेवतो. तिथेच तर मेख होती! नेम चुकला की बाबा बंदूक पुसून चुलीपाशी वाळवायचे, दुसऱ्या दिवशी रेनोकाका स्वतः ती उचलायचा, डब्यावर धाडकन गोळी मारायचा — डबा उडायचा — ‘बंदूक सोन्यासारखी आहे, ओन्नी, तुझंच मन कच्चं.’

आज सकाळी तिने ओल्या बंदुकीने तीन गोळ्या मारल्या. तिन्ही डावीकडे, वीतभर. पण एकमेकींना चिकटून... खडीत उभी राहून ती एकटीच ओरडली होती. विखुरल्या असत्या तर हात दोषी. एकत्र पडल्या म्हणजे हात देवासारखा स्थिर आणि फुगलेलं लाकूड उजवीकडून नळीला ढोसतंय.

तिने स्क्रू सोडले, नळी उचलली, गोल काठीला काचकागद गुंडाळला आणि नळीखालची लाकडाची खाच घासायला लागली. ओला भुसा लगद्यासारखा चिकटत होता. घास, पूस, नळी बसव, नोट घाल. अडली. घास. त्र्याऐंशी सालचा तो हरणाचा नर, शिंगांना आठ फाटे — गोळी पोटात मागे लागली, बाबा दोन दिवस रक्ताचे थेंब शोधत बर्फातून फिरले, मिळाला नाही. त्या वर्षी शेपटी कापली नाही कुणी. फक्त रेनोकाका म्हणाला, ‘तुझे हात तवा धरायला केलेत देवाने,’ आणि बाबांनी खरंच तवा धरला. खोपटाचे आचारी झाले, विनोदी माणूस झाले. घास. पूस. घाल...

नोट गेली. टोकापासून मुळापर्यंत, बर्फावरून घसरगाडी जावी तशी.

दुपार व्हायच्या आत खडीच्या खाणीत पुन्हा तीन गोळ्या. लाकूड तसंच ओलं, पण गोळ्या मधोमध.

घरी येऊन तिने नळी उतरवली, उघड्या लाकडाला झटपट वाळणाऱ्या व्हार्निशचा हात दिला. तो सुकल्यावर ती स्क्रू पिळत होती, तेव्हा बाबा मोठा तवा काखेत मारून आत आले.

“कांदे घेतलेस का गं? रेनोच्या आणण्यावर राहिलो तर उद्या बर्फ तळावा लागेल.”

तिने सगळं सांगितलं. एका दमात, शब्दांवर शब्द आपटत, कागदावरची भोकं दाखवत. बाबांनी तवा खाली ठेवला. त्यांनी नोट हातात घेतली, स्वतः सरकवली. गेली. परत टोकाकडून घातली. गेली. तिसऱ्यांदा.

“म्हणजे तो नर...” ते म्हणाले. “लाकडापायी गेला.”

“बाबा, तुमचा हात चुकला नव्हता! त्या नऊ चिंध्या मी आज उपटून काढणार, काकाच्या तोंडावर!”

“काढ की. पण तिथे मग भोकं दिसतील.” ते हसले नाहीत. मग डोळ्यांच्या कडेला जुनी मिश्किली आली. “मला एक सांग, पोरी. आजवर बंदूक वाकडी होती. उद्या चुकलीस तर काय सांगशील?”

सिल्वीने त्यांच्या हातातली नोट काढून घेतली.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला. दार न ठोकताच रेनोकाकाचा आवाज आत आला — “ए सिल्वे! यंदा मऊ शर्ट घाल हो, मागच्या वर्षी माझी कात्री बोथटली!”

उत्तर जिभेवर तयार होतं. सकाळपासून घोळवलेलं, अंगण-वाकडंवालं. तिने ते गिळलं. का, ते तिला कळलं नाही. बंदूक खोळीत घातली, नोट शर्टाच्या खिशात. सकाळपासून ती बापाच्या वतीने भांडत होती, भिंतीशी, काकाशी, फुगलेल्या लाकडाशी, आणि त्या भांडणाला टेकूनच तर ती उभी होती... टेकू तिने स्वतःच्या हाताने घासून टाकला. आता कशालाच काही टेकलेलं नव्हतं. उद्या उजाडेल, झाडांमधून काहीतरी हलेल, आणि तिथे फक्त मी असेन.

ती ट्रकमध्ये दोघा म्हाताऱ्यांच्या मध्ये बसली. काका कसल्यातरी विनोदावर मांडी थोपटत होता, बाबा मांडीवरचा तवा सांभाळत खिडकीबाहेर बघत होते. काचेवर ओला बर्फ फुटत होता. छाती अशी धडधडत होती की खिशातली नोट हलत असावी.

पड, तिने बर्फाला मनात सांगितलं. आणखी पड. लाकूड हवं तेवढं ओलं कर.