कोरड्या दिवशी गळणारे छप्पर

पाऊस पडला की एलुनेडच्या घराचे छप्पर कोरडे राही. रात्री आभाळ निरभ्र असले, सगळे गोठवणारे कडक हिव पडले आणि सकाळी स्वच्छ ऊन आले, की तेच छप्पर गळू लागे.

मित्रांनो, मी त्या छपरावरची एक जुनी पाटी आहे. शाळेत ज्या काळ्या पाटीवर पूर्वी मुळाक्षरे गिरवत, तिच्याच जातीचा माझा दगड. फक्त माझ्यावर कोणी कधी काही लिहिले नाही. वेल्सच्या डोंगरातल्या एका खाणीत माझा जन्म झाला. तिथल्या कारागिराने दगड ओला असतानाच त्याला छिन्नी लावली, कारण तो वाळला की नीट उकलत नाही. दोन हलके ठोके पडले आणि मी माझ्या बहिणीपासून वेगळी झाले. त्या माणसाचा हात जरा जरी हलला असता, तर मी ढिगाऱ्यात गेले असते. त्याचे नाव मला ठाऊक नाही, पण त्याचे उपकार मी विसरलेले नाही.

आमच्या मापांना सरदारघराण्यांतल्या बायकांच्या पदव्या देण्याची तिथे रीत होती. मी वीस इंच लांब आणि दहा इंच रुंद, म्हणून ‘काउंटेस’. या पदवीचा मला आजवर काहीही उपयोग झालेला नाही. मला दोन भोके पाडली, दोन खिळ्यांनी लाकडी पट्टीवर ठोकले आणि एका लांबलचक चाळवजा रांगेतल्या घरावर बसवले. छपराच्या एका उतारावर आम्ही चारशे जणी. माझे निम्म्याहून अधिक अंग वरच्या बहिणींखाली झाकलेले असते. जेवढी मी उघडी आहे, तेवढ्यावर शंभराहून अधिक वर्षे पाऊस पडला. माझ्याखाली मुले जन्मली, रविवारची भजने घोकली गेली, कोळशाच्या शेगड्या पेटल्या आणि विझल्या. छप्पर गळत नसले की कोणी वर पाहत नाही. मी त्याला माझी प्रशंसा समजत आले.

तीस वर्षांपूर्वी आमचे खिळे गंजले आणि आम्ही घसरू लागलो. तेव्हा इडवाल नावाच्या छपरे घालणाऱ्या माणसाने आम्हांला एकेक करून उतरवले. प्रत्येकीवर बोटाच्या पेराने टकटक केली. खणखणीत वाजली ती ठेवली, बद्द वाजली ती बाजूला काढली. मी वाजले. त्याने मला तांब्याचे नवे खिळे दिले.

मग गेल्या वर्षी एलुनेडने माळ्याची राहती खोली करायला घेतली. तिची आई गुडघ्यांनी बेजार होती. आई खाली एलुनेडच्या खोलीत यायची आणि एलुनेड वर माळ्यावर जायची, असे ठरले होते. काम तिचा धाकटा भाऊ ट्रेफॉर करत होता. त्याने वाशांच्या मधे मेंढीच्या लोकरीचे जाड थर बसवले आणि आमच्या पाठीशी वारा खेळावा म्हणून दोन बोटे फट सोडली. आतून फळ्या ठोकायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात हिवाळा आला आणि कोरड्या दिवशी थेंब पडू लागले.

“ताई, या म्हाताऱ्या छपराला आता निवृत्त कर,” ट्रेफॉर वर बघून म्हणाला. “मंगळवारी सगळ्या पाट्या उतरवतो आणि सिमेंटची कौलं चढवतो. जुन्या पाट्या फोडून रस्त्यात भरायला गाडी सांगितलीय.”

“पण गळायचं थांबेल ना रे? ओल्या खोलीत मी फळ्या ठोकू देणार नाही. आई अजून जिना चढतेय.”

“थांबेल म्हणजे काय, ठणठणीत होईल!”

एलुनेडला ते पटले नसावे, कारण तिने इडवालला बोलावले. तो आता पंच्याहत्तरीचा होता आणि शिडीला आधी शिव्या देऊन मग चढत असे. त्याने माझ्यावर टकटक केली. मी पूर्वीसारखीच वाजले. मग ‘नेमकं केव्हा गळतं?’ असे एलुनेडला विचारून त्याने तासभर नळीने छपरावर पाणी मारले. आत एक थेंबही आला नाही.

“पाणी वरून येत नाही,” तो म्हणाला.

“मग काय खालून येतं?” ट्रेफॉर हसला. “इडवालकाका, पाणी कधी वर चढतं का?”

“तुझ्या ताईने तू करतोयस त्या माळ्यावरच्या खोलीत दोऱ्या बांधल्यात आणि त्यांवर चादरी टाकल्यात. त्या वाळतात ना? मग त्यांतलं पाणी जातं कुठं, शहाण्या?”

“बाहेर दहातले नऊ दिवस पाऊस,” एलुनेड म्हणाली. “कपडे वाळवू कुठं?”

इडवालने वळचणीत, वारा आत येण्याच्या फटीत हात घातला आणि लोकरीचा एक बोळा ओढून काढला. मग दुसरा. “आणि हे कुणी कोंबलं?”

“मीच,” एलुनेड म्हणाली. “तिथून वारा नुसता सूं सूं करायचा. उरलेली चांगली लोकर टाकून कशी द्यायची?”

“धन्य आहेस पोरी! मेंढीच्या लोकरीचं छपराला स्वेटर घातलंस.”

ट्रेफॉरला हे पटले नाही. त्याचेही बरोबरच होते. अजून कोणी काही सिद्ध केले नव्हते. म्हणून इडवालने एकाच उताराच्या डाव्या अर्ध्या भागातले बोळे काढले, उजव्या भागातले तसेच ठेवले आणि दोन्हींखाली एकेक बादली ठेवली. चादरी जिथे होत्या तिथेच राहू दिल्या. मी उजव्या भागात होते. मंगळवारला चार दिवस उरले होते.

लागोपाठ तीन दिवस सकाळी हिव होते. तिन्ही दिवस डावी बादली कोरडी राहिली आणि उजवीत पेलाभर पाणी साचले. तिसऱ्या दिवशी ट्रेफॉरने दोन्ही बादल्यांत हात घालून पाहिला. मग खिशातून फोन काढून म्हणाला, “गाडी नको पाठवू रे. नाही, छप्पर चांगलंय. चूक आमच्याच घरातली निघाली.”

मित्रांनो, ‘जुनी आहे’ हे बिघाडाचे कारण नव्हे, ते नुसते वय आहे. तुमच्या घरातली एखादी जुनी वस्तू बिघडली असे वाटले, तर ती फेकण्याआधी ती नेमकी केव्हा बिघडते, एवढे वहीत टिपून ठेवा. एका माणसाने तेवढे विचारले, म्हणून मी आज माझ्या खिळ्यांवर आहे. एलुनेडने उजवीकडचेही बोळे काढले आणि दोऱ्या खाली नेल्या. त्यानंतर हिव पुष्कळ पडले, थेंब पडला नाही. फळ्या ठोकल्या गेल्या आणि आई खालच्या खोलीत आली.

कारण असे होते. ओल्या कपड्यांतले पाणी वाफ होऊन लोकरीच्या थरांतून वर येत होते. वळचण बंद असल्याने वारा ती वाफ वाहून नेत नव्हता. ढगाळ, पावसाळी रात्री आम्ही पाट्या फारशा गार होत नसू. निरभ्र रात्री आमची ऊब उघड्या आकाशाकडे निघून जाई, आणि ती वाफ आमच्या खालच्या अंगावर हिव होऊन गोठे. सकाळी ऊन लागले की ते हिव वितळे आणि खोलीत ठिबके.