अळणीचं पातेलं

मी एक जुनं पितळी पातेलं आहे. मित्रांनो, माझ्या बुडाला चीर गेली आहे आणि मी कोल्हापुरात मोडीच्या दुकानात, फुटक्या घागरींच्या ढिगाखाली पडलो आहे. आज ना उद्या मला वितळवतील. त्याआधी बनाबाईचं काय झालं ते तुम्हांला सांगावंसं वाटतं.

तांबटाच्या हातोडीखाली माझा जन्म झाला आणि उचगावच्या चिमणाबाईच्या चुलीवर माझी हयात गेली. चिमणाबाई तरुणपणीच विधवा झालेली. दुसऱ्याच्या रानात राबून तिनं दोन मुलगे वाढवले. थोरला जोतीराम ओतकामाच्या कारखान्यात होता. धाकटा सयाजी तालमीत घुमायचा. घरात कोंबडी कापली की तिखट घालण्याआधी ती माझ्यात नुसत्या हळद-मिठावर शिजायची. ते पिवळसर पाणी म्हणजे आमच्याकडची अळणी; मीठ असलं तरी नाव तेच. चिमणाबाईच्या अळणीचं गल्लीत नाव होतं. बाळंतिणीसाठी, आजाऱ्यासाठी लोक वाटी घेऊन यायचे आणि मी चुलीवर फुगून बसायचो.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जोतीरामची बायको बनाबाई घरात आली. चिंच आणि राख लावून ती मला असं घासायची, की माझ्यात तिचं तोंड दिसावं. तिला गुणगुणायची सवय होती. दोन-तीन वर्षांनी गुणगुणणं थांबलं आणि खोकला सुरू झाला. संध्याकाळी ताप भरायचा. गालांची हाडं वर आली. डॉक्टरांनी क्षय सांगितला आणि सुया सुरू केल्या.

चिमणाबाईनं हात आखडला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं कुणाकडून तरी बदक आणवलं. ते माझ्यात शिजलं तेव्हा वर बोटभर चरबी तरंगली. चिमणाबाई हरखली.

"बघ, कसं त्याल सुटलंय! पी, अंगाला लागंल."

बनाबाई प्यायली आणि तासाभरात सगळं ओकली. ओकताना खोकला आला, खोकल्यातून रक्त आलं. जोतीराम घाबरून सायकलवर डॉक्टरांना घेऊन आला.

त्र्यंबकराव डॉक्टर स्वतः मांस खात नसत. पण ते चुलीपाशी आले, माझ्यात डोकावले आणि पाटावर बसून म्हणाले, "चिमणाबाई, बदकाच्या कातड्याखाली चरबी फार. चरबी म्हणजे शरीराला जळण, पण हिच्या पोटाला ते झेपत नाही. जळण भाकरीतून, दुधातून द्या. झिजलेलं अंग भरायला कोरडं मांस हवं. कोंबडीचं कातडं सोला आणि छातीची फोड हिला द्या. तंगडीत चरबी जरा जास्त, पण तीही चालेल. रानातला तितर मिळाला तर तोही तसाच कोरडा."

"आन अळणी?"

"द्या की. घसा ओला होईल, तोंडाला चव येईल. पण अंग भरणारा ऐवज पाण्यात फार उतरत नाही. तो फोडीतच राहतो."

चिमणाबाईनं मान हलवली. डॉक्टर गेल्यावर मात्र मला खाली उतरवत ती पुटपुटली, "जे मांस खात न्हाईत, त्येंनी आमास्नी सांगायचं व्हय?"

तेव्हापासून आठवड्याला एक कोंबडी माझ्यात पडू लागली. कातडं सोललेलं असे. तेवढं तिनं ऐकलं. पण वाढायची वेळ आली, की वरचं पाणी बनाबाईच्या वाटीत जाई आणि फोडी दोन्ही मुलग्यांच्या ताटांत. एकदा बनाबाई भिंतीला टेकून म्हणाली, "आत्याबाई, एक फोड द्या की. खावंसं वाटतंय."

"अगं, समदी ताकद अळणीत उतरली. ह्यो राहिलाय त्यो चोथा. तुला पचायचा न्हाय."

जोतीराम ताटावरून म्हणाला, "आई, डाक्टर फोडी द्या म्हणालं हुतं."

"तू भट्टीपुढं राबतोस. तू पडलास तर हिची सुई कोण आणंल? खा गप."

जोतीरामनं बायकोकडं पाहिलं. बनाबाईनं नजर वाटीकडं वळवली. मग तो जेवू लागला. मित्रांनो, मला वाटतं त्या घरातलं सगळ्यांत वाईट काही घडलं असेल, तर ते त्या घासाला.

पावसाळा सरता सरता डॉक्टर पुन्हा आले. त्यांनी बनाबाईचा दंड धरून पाहिला. "मांस देता ना?"

चिमणाबाई चुलीकडं वळली. जोतीराम खाली बघत म्हणाला, "अळणी दितोय. फोडी... आमी खाल्ल्या."

डॉक्टर ओरडले नाहीत. "आज तरी द्या," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी चिमणाबाईनं छातीची फोड बोटांनी तंतू-तंतू सोडवली आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. "खा माझे बाय." बनाबाईनं चावलं. पुष्कळ वेळ चावलं. गिळता येईना, तेव्हा तिनं तो घास हातावर काढून ठेवला आणि म्हणाली, "आता न्हाय जमत, आत्याबाई."

दसऱ्याच्या आत ती गेली.

डॉक्टर भेटायला आले तेव्हा चिमणाबाईनं त्यांची वाट अडवली. "खरं सांगा. फोडी दिल्या असत्या तर जगली असती?"

"रोग मोठा होता," डॉक्टर म्हणाले. "जगलीच असती असं मी म्हणणार नाही. पण झुंजायला तिच्या अंगात काही राहिलं असतं."

चिमणाबाई त्यांच्या वाटेतून बाजूला झाली. कुणाचं वाईट करावं असं तिच्या मनात कधीच नव्हतं. म्हणूनच तिला रडताही येईना.

पुढं जोतीरामनं मांस सोडलं आणि घरही सोडलं. तो कारखान्यातच राहू लागला. मला माळ्यावर टाकलं. कल्हई उडाली, आत हिरवा कळंक चढला. चिमणाबाई गेल्यावर सयाजीनं मला मोडीत घातलं. मला त्याचा राग नाही.

मित्रांनो, भांडी घासा, वेळेवर कल्हई लावा, हे तर मी सांगणारच. पण घरात कुणी आजारी असेल, तर पळी भांड्यात जाते तेव्हा नुसतं भांड्याकडं बघू नका. ती कुणाच्या ताटात काय टाकते तेही बघा. आणि काही चुकतंय असं दिसलं, तर घास तोंडात घालण्याआधी बोला.