कबुतरांच्या बुरुजामागं

भाकरीचा दिवस होता. झनूबा हज्जाच्या अंगणात तिच्या दोघी सुना आणि मी शेजारीण, आम्ही पिठाचे गोळे मातीच्या तबकड्यांवर थापून उन्हात फुगायला ठेवले होते. तेवढ्यात कालव्यापल्याड कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं आणि काळी राख येऊन पिठावर बसायला लागली.

"आता राखंची भाकरी खायाची काय?" हज्जा करवादली.

"भाकरीचं ऱ्हाऊ द्या, हज्जा. माझं लेकरू आत धापा टाकतंय," धाकटी सून रस्मिया म्हणाली, आणि पिठाच्या हातानंच दारावर ओलं फडकं बांधायला पळाली.

तिचा दियाब सातवा महिना भरायच्या आधीच जन्मला. शहरातल्या दवाखान्यात काचेच्या पेटीत पडून राहिला, पेटीतून सुटला, पण छाती कायमची दुखणाईत झाली. नाकात नळी, उशाशी प्राणवायूचं नळकांडं. सहा महिन्यांचा झाला तरी मनगट माझ्या करंगळीएवढंच होतं.

डॉक्टरीणबाईनं रस्मियाला समोर बसवून सांगितलं होतं, "बाई, हा जे खातो ते सगळं श्वास घेण्यातच जळून जातं. याचं अंग भरलं तर फुफ्फुसही वाढेल, आणि मग नळी सुटेल. दुसरं औषध माझ्याकडं नाही. थोडं पाजा, पण दाट पाजा. बडीशेपेच्या पाण्यानं पोट भरू नका."

दाट म्हणजे कोणतं? अंगावर पाजताना शेवटी उतरतं ते. पण दवाखान्याच्या काचेबाहेर उभं राहून राहून रस्मियाचं दूध आटलं होतं. डब्याचं दूध पोराला सोसत नव्हतं. नवरा दूर समुद्राकाठी हॉटेलात राबत होता. घरात दूध होतं ते एकाच बाईला, थोरल्या जावेला, तफीदाला. तिची हनिया दियाबपेक्षा थोडी मोठी, चांगली गुटगुटीत.

"तफीदा, बहिणी, चार चमचं तरी निघंल का गं?" रस्मियानं त्या दिवशीही विचारलं.

"हनियालाच पुरत न्हाई, बहिणी. तुझ्या गळ्याची आण," तफीदा खाली मान घालून म्हणाली. हज्जा तिच्याकडंच बघत होती.

रस्मियाला वाटलं, जाऊ अशक्त आहे. म्हणून ती परसातल्या मातीच्या बुरुजात पाळलेली आपली कबुतरं एकेक करून कापायची, हिरव्या गव्हाचं सारण भरून शिजवायची आणि तफीदापुढं ठेवायची. स्वतः कांदा-भाकरी खायची. मी म्हटलं, "अगं, तूही एक खा." गल्लीभर मला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात. तर म्हणते, "खाला, तिला दूध सुटलं तर माझ्या लेकराच्या तोंडात जाईल."

राखेच्या त्या दिवसानंतर एका सकाळी ती कबुतर धरायला निघाली, मी टोपली घेऊन मागं. बुरुजामागं तफीदा उकिडवी बसली होती. अंगरख्याची बटणं सोडून ती मातीवर दूध पिळत होती. दाट, पिवळसर धार. भिंतीचं बूड ओलं होऊन भेगाळलं होतं, म्हणजे हे रोजचंच होतं.

मीच म्हणाले, "तफीदा, हे काय करतीस?"

"हज्जानं कुराणावर हात ठेवायला लावून आण घेतलीय माझ्याकडनं," ती रडायला लागली. "हनिया दियाबला द्यायचीय. दूध पाजलं तर दोघं भावंडं व्हत्यात, म्हणून म्हणाली एक थेंब देऊ नगंस. छाती भरून येती, तुला दिसू ने म्हणून हितं सांडते."

आमच्यात चुलत भावंडांचं लगीन लागतं, पण एका बाईचं दूध पाच वेळा पोटात गेलं की ती पोरं सख्खी भावंडं. मग लगीन नाही.

रस्मिया तशीच हज्जापुढं जाऊन उभी राहिली. हज्जा शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणाली, "पोरगी भाईर गेली की तिच्या वाटणीचं उसाचं रान बी भाईर जातं. घरातलं घरात ऱ्हावं म्हनून केलं म्या."

"आणि नवरदेव मेला म्हंजी?"

"जगायचा असंल तर जगंल. अल्लाची मर्जी."

रस्मिया वळून दियाबच्या खोलीत गेली. मला वाटलं खचली. माझाच जीव नुसता जळत होता, त्या म्हातारीचे केस धरावेत असं वाटत होतं.

पुढच्या भाकरीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका भट्टीपाशी जमल्या. रस्मियानं पहिली गरम भाकरी मोडली आणि सगळ्यांसमोर तफीदाच्या हातात दिली.

"हिचं लई उपकार हायती माझ्यावर," ती मोठ्यानं म्हणाली. "महिना झाला, दियाबला हिचंच दूध पाजतीया मी चमच्यानं. पाचदा काय, मोजायच्या पलीकडं गेलं. आजपासून हनिया त्याची बहीण."

हज्जाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

"खोटं बोलतीया," ती म्हणाली. "तफीदा, सांग."

तफीदानं हज्जाकडं बघितलं, मग जमलेल्या बायकांकडं. नाही म्हणावं तर दूध कुठं गेलं ते सांगावं लागणार. भाकरीनं तिचे हात भाजत होते, तरी तिनं ती खाली ठेवली नाही.

"पाजलंय," ती म्हणाली.

"खाला, तू बघितलंस?" हज्जा माझ्यावर घसरली.

"बघितलं की. या डोळ्यांनी बघितलं तफीदाचं दूध." कुठं पडताना बघितलं, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

लगीन मोडलं, तसं दूध अडवायला कारणच उरलं नाही. तफीदा रोज सकाळी छोटा पेला भरून आणायची, शेवटचं दाट तेवढंच. रस्मिया पेला घ्यायची, वर बघायची नाही. पुढच्या ऊसतोडीला दियाबच्या पायांना वळ्या पडल्या, आणि डॉक्टरीणबाईनं नाकातली नळी काढली.

आता तो अंगणात हनियाच्या मागं धावतो, दमला की बसतो, पुन्हा धावतो. हनिया त्याच्यावर दादागिरी करते, तो तिला ताई म्हणतो.

पोरं सख्खी भावंडं झाली. पण उठता-बसता एकमेकींना बहिणी म्हणणाऱ्या त्या दोघी त्या दिवसापासून नुसत्या जावा आहेत.